श्वासाचा आकडा

दशरथ तायडेने नेहमीसारखं ‘दो’ म्हटलं, आणि हेमलताने पहिल्यांदाच ते लिहून घेतलं नाही. तिने पेन तसंच उचलून धरलं. एकदा त्याच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. चिमट्यावर चौऱ्याऐंशी दिसत होते, हवे होते नव्वदीच्या वर. तिच्या दुसऱ्या हातात ते प्लास्टिकचं कार्ड होतं. त्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे छापले होते आणि प्रत्येक आकड्यापुढे धाप किती लागली ते हिंदीत लिहिलं होतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आता सोसवत नाही. दोनपुढे लिहिलं होतं, थोडीशी. आठ आठवडे, आठवड्यातल्या तीन सकाळी, इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये मांडलेल्या दोन नारिंगी शंकूंमधून येरझाऱ्या घालून झाल्या की हेमलता ते कार्ड त्याच्यापुढे धरायची आणि तो ‘दो’ म्हणायचा. फुफ्फुसं कायमची खराब झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचा हा उद्योग होता. इस्पितळात सगळे त्याला रिहॅब म्हणत. हेमलता जांगिड तिथली व्यायाम घेणारी मुलगी, तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेली आणि कधीच घाईत नसलेली. आवाज न चढवता ती म्हणाली, “अंकलजी, मशीन बोल रही है चौरासी, आप बोल रहे हो दो. दोनों में से एक झूठा है. और मशीन नई है.”

तो दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ओठांचा चंबू करून श्वास सोडत बसला होता. हे असं सोडायचं तिनेच शिकवलं होतं. बोलायला हवा उरली नव्हती, आणि एका परीने ते बरंच होतं. हेमलताने शेजारी स्टूल ओढलं आणि सावकाश सांगू लागली. तुम्ही दर वेळी दोन म्हणता म्हणून मी दर आठवड्याला फेऱ्या वाढवत गेले. आज वळताना तुम्ही भिंत धरलीत, ते मी पाहिलं. आकडा खोटा असेल तर मी तुम्हाला चालवू शकत नाही, कारण किती चालवायचं तेच मला कळणार नाही. आज आठ आठवडे संपतात. पुढच्या बारा आठवड्यांसाठी जागा थोड्या आहेत आणि त्या कुणाला द्यायच्या ते आजच्या फॉर्मवर ठरतं. जो बरा आहे त्याला आम्ही घरी पाठवतो. पहिल्या फॉर्ममध्ये तुम्ही चौदाच्या चौदा प्रश्नांना ‘कभी नहीं’वर खूण केली होती. आजही तसंच असेल तर मला ‘सुधारणा चांगली, सुट्टी’ असं लिहावं लागेल. एवढं सांगून तिने नवा फॉर्म लावलेलं पॅड त्याच्या मांडीवर ठेवलं, अर्ध्या तासाने येते म्हणाली, आणि पुढच्या माणसाला शंकूकडे घेऊन गेली.

सुट्टी. रेल्वेत असताना याच शब्दासाठी माणसं काय काय करत. एकाने रजेच्या अर्जात एकाच चुलत्याला तीन वर्षांत तीनदा मारलं होतं आणि चौथ्या वर्षी तोच चुलता पास काढून भुसावळला आला तेव्हा सगळ्या लॉबीने, म्हणजे ड्यूटीच्या खोलीतल्या साऱ्यांनी, त्याला चहा पाजला. आता दशरथला मात्र सुट्टी नको होती. हे इतकं साधं होतं की ते स्वतःशी कबूल करायलाही त्याला लाज वाटली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन सकाळीच काय तो जयपुरातल्या मानसरोवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून खाली उतरत असे. बाकीचे चार दिवस खिडकीजवळची खुर्ची, खालच्या स्कूटर, शाळेच्या बसेस आणि दूर मेट्रोची पांढरी रेघ जाताना दिसली की ती पाहणं. इथे, या कॉरिडॉरमध्ये, सगळेच धापा टाकत. इथे चार पावलांवर थांबलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नव्हतं, कुणी ‘पानी लाऊँ, बाबूजी’ म्हणत नव्हतं. रस्त्यावर थांबलं की अख्खं जयपूर चौकशीला येई. इथून घरी पाठवलं की आपण त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे त्याला गाडीचं टाइमटेबल माहीत असावं तितकं पक्कं माहीत होतं. म्हणजे करायचं एवढंच होतं की फॉर्मवर खरं लिहायचं. आणि तेवढंच त्याच्याने होत नव्हतं.

त्याने पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. पहिला प्रश्न होता, गेल्या आठवड्यात विनाकारण घाबरल्यासारखं झालं का. चार चौकटी होत्या: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ रोज. फेब्रुवारीच्या अखेरीस हाच फॉर्म समोर आला तेव्हा त्याने तो दोन मिनिटांत हातावेगळा केला होता. समुपदेशक म्हणून बसलेल्या बाईने त्यावरून नजर फिरवली आणि ‘बहुत बढ़िया’ म्हणाली. बाहेर येऊन त्याने बायकोला सांगितलं होतं की पास झालो. मीराबाईने कशात म्हणून विचारलं नाही. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, गार्ड म्हणून काढलेल्या माणसाची बायको ती. डॉक्टरपुढे जाऊन आलेला नवरा एक तर पास होतो, नाही तर घरावर काहीतरी कोसळतं, हे तिलाही ठाऊक होतं. रेल्वेत ठरावीक वर्षांनी मेडिकल होत असे. डोळे, कान, रक्तदाब, लघवी. गार्डला ए-टू दर्जाचं प्रमाणपत्र लागे. ते गेलं की गाडी गेली, झेंडा गेला, आणि माणूस कुठल्या तरी कोपऱ्यात रजिस्टर सांभाळत बसला. म्हणून मेडिकलच्या आदल्या आठवड्यात लॉबीतले सगळे आपसांत उजळणी करत. डोळ्यांच्या तक्त्याची शेवटची ओळ कुणी पाठ केलेली असे, कुणी रक्तदाबावर कच्चा लसूण खाई. आणि एक गोष्ट नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितली जाई, की डॉक्टर हसून विचारेल, झोप लागते का, डोकं जड होतं का, एकटं असताना काही वाटतं का. तर तू म्हणायचं, नाही साहेब. त्याने दुसऱ्यांदा विचारलं तरी म्हणायचं, नाही साहेब. दशरथने हे इतक्या वेळा म्हटलं होतं की ते म्हणायला आता त्याची गरजच उरली नव्हती. तोंड आपलं आपण म्हणून टाकी.

इथे मात्र गाडी उलट्या दिशेने चालली होती. इथे जो पास झाला तो बाहेर आणि जो नापास झाला त्याची जागा पक्की. डोक्याला हे समजत होतं. हाताला समजत नव्हतं. हात चौकटीजवळ गेला की पहिल्याच चौकटीकडे ओढ घेई, आणि मग त्याला ज्ञानोबा आठवे. ज्ञानोबा अंभोरे, भुसावळचा, त्याच्याच बॅचचा. एका मेडिकलला त्या वेड्याने डॉक्टरला खरं सांगितलं. म्हणाला, साहेब, ब्रेकव्हॅनमध्ये एकटा असलो की छातीत धडधडतं, वाटतं की गाडी आपल्याला सोडून पुढे निघून जाईल. डॉक्टर चांगला होता, त्याने पाठीवर हात ठेवला, आणि पंधरा दिवसांत ज्ञानोबाचा झेंडा गेला. त्याला वरच्या वर्गाच्या वेटिंग रूमबाहेर टेबल देऊन बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं लिहायला. स्टाफमधली माणसं मुद्दाम तिथून जात आणि रजिस्टरमध्ये खोटी नावं लिहीत. दशरथनेही एकदा लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते आता आठवत नव्हतं, पण ज्ञानोबाने ते वाचून वर पाहिलं होतं आणि हसला होता. तेव्हा ते हसू ओशाळं वाटलं होतं. आज या बाकावर बसून बघताना आणखी एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षं ध्यानातच आली नव्हती. टेबलामागचा ज्ञानोबा अंगाने भरला होता. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. तो रोज संध्याकाळी घरी जाऊन मुलांना घेऊन फिरत असे आणि त्याला पाहून बाकीच्यांना त्याची कीव येत असे.

दुसरा प्रश्न होता, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का. काय आवडत होतं, हा त्याआधीचा प्रश्न झाला. बिडी आवडत होती. चौतीस वर्षं ब्रेकव्हॅनच्या उघड्या दारात, कोळशाच्या, सिमेंटच्या, खडीच्या वाघिणींमागून उडत येणारी धूळ खात खात तो बिडी ओढत आला, आणि थंडीत फुलेरा जंक्शनच्या पुढे वाळवंटातला वारा कपड्यांतून आत शिरे तेव्हा ती बिडी म्हणजे एकटेपणातली सोबत होती. डॉक्टर म्हणतात बिडीने केलं. मुलगा म्हणतो बिडीने केलं. असेल. दशरथचं काही म्हणणं नव्हतं. दुसरं, गाणं आवडत होतं. गाणं म्हणजे गाणं नव्हे, पण बदली होऊन जयपूरला आल्यापासून इथल्या रेल्वे कॉलनीतल्या विहारात बावीस वर्षं त्रिशरण आणि पंचशील तोच म्हणवून घेत आला होता. अकोला, भुसावळ, नागपूरकडून बदल्या होऊन आलेली वीसपंचवीस घरं होती, आणि तायडेदादांचा आवाज लागला की पोरंसोरंही गप्प बसत. या वर्षी चौदा एप्रिलला त्याने गुडघा दुखतो म्हणून निरोप पाठवला. राजरत्नने म्हणवून घेतलं, बँकेतल्या त्या चष्मेवाल्या पोराने. त्याचा आवाज बरा आहे. मीराबाई एकटी जाऊन आली, खीर घेऊन आली, आणि सगळे तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होते एवढंच म्हणाली. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. पण एका दमात ती लांब ओळ म्हणायची, आणि मधेच श्वास तुटायचा, आणि सगळ्यांनी तो तुटलेला ऐकायचा, या विचारानेच आदल्या दिवशी त्याला घाम फुटला होता. त्याने स्वतःला किती तरी वेळा सांगितलं की हे घाबरणं नव्हे. हा विचार आहे. विचारी माणूस आगाऊ विचार करतो.

श्वासाशी त्याचं जुनं नातं होतं, हीच तर त्यातली गंमत. चाळिशीत एकदा तो दहा दिवसांच्या शिबिराला गेला होता. बोलायचं नाही, वाचायचं नाही, नाकपुडीशी मन आणून बसवायचं आणि श्वास येतो कसा, जातो कसा ते नुसतं पाहायचं. तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याला कंटाळा आला होता. श्वास काय, आला आणि गेला. त्यात पाहण्यासारखं ते काय होतं? तरी त्या दहा दिवसांनी तो शांत होऊन आला आणि पुढे कित्येक वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये बसल्या बसल्या ते करत राहिला. आता पाहावं लागत नाही. आता दिवसभर दुसरं काही दिसतच नाही. एक श्वास गेला की पुढचा येईल की नाही यावर कान लावून बसायचं, आणि तो आला की लगेच त्याच्या पुढच्याची वाट पाहायची. संकल्पने, त्याच्या मुलाने, त्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं, त्यात एक बाई मधाळ इंग्रजीत म्हणायची की आता तुमच्या श्वासाकडे लक्ष द्या. दशरथने ते एकदा लावलं आणि फोन उशीखाली कोंबला. संकल्पचा काही दोष नव्हता. चांगला पोरगा. सीतापुऱ्याला कंपनीत जातो, बापाला बोटाचा चिमटा त्यानेच आणून दिला, इनहेलर संपायच्या आत दुसरा आणतो. त्याचं मराठी लहानपणापासूनच अडखळतं. “पापा, तुम्ही टेन्शन नका घेत जाऊ, मतलब, रिपोर्ट तर स्टेबल आहे ना,” असं म्हणतो आणि खरोखरच टेन्शन संपल्यासारखा बुटाची नाडी बांधू लागतो. त्याला काय सांगायचं? रिपोर्ट स्टेबल होता. बिघडला होता तो रिपोर्टमध्ये न येणारा भाग.

त्या भागाला एक जागा होती, आणि ती म्हणजे न्हाणीघर. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने त्याला पाच दिवस इस्पितळात राहावं लागलं. घरी आल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी तो आंघोळीला बसला, तांब्या डोक्यावर नेला, आणि हात वर असतानाच हवा संपली. पाणी तोंडावरून ओघळत होतं आणि त्याला वाटलं आपण बुडतोय. बादलीभर पाण्याने, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. मेलो असं वाटण्याचा तो क्षण किती टिकला कोण जाणे, पण तो सरल्यावर जे आलं ते जास्त वाईट होतं. एकदम शांत वाटलं. वाटलं की हे असंच थांबलं असतं तरी काही बिघडलं नसतं. इतक्या सहजपणे हा विचार आला, जसा भाजी आणायची राहिली हा विचार येतो, की तो त्यालाच घाबरला. त्या दिवसापासून तो रोज ठरल्या वेळी आत जातो, दार लावतो, नळ सोडतो, आणि स्टुलावर बसून राहतो. बादली भरते, वाहते. मग टॉवेल ओला करून तो मान, काखा, तोंड पुसून घेतो, केसांना पाण्याचा हात लावतो आणि आंघोळ झाल्यासारखा बाहेर येतो. धुतलेला बनियन घालतो. त्याच्या अंगाला वास येत असणार. स्वतःचा वास स्वतःला येत नाही म्हणतात, पण त्याला येत होता, म्हणून तो रिहॅबच्या दिवशी संकल्पचं अत्तर लावत असे. भला उंचापुरा माणूस, अठ्ठेचाळीस वाघिणींची गाडी ज्याच्या एका झेंड्यावर सुटत असे, तो रोज सकाळी न्हाणीत लपून बसतो, हे कुठल्या चौकटीत बसवायचं? रोज की बरेचदा?

बाकाच्या दुसऱ्या टोकाला यूनुसभाई येऊन बसले. रामगंजचे, आयुष्यभर अंगठ्यांचे खडे, नगीने, घासलेले, दगडाची भुकटी छातीत जाऊन बसलेली. त्यांच्याही मांडीवर फॉर्म होता आणि ते तो मोठ्याने वाचत, मोठ्याने उत्तरं देत भरत होते, जसं कुणाशी बोलत असावेत. रोना आता है? आता है जी, बिल्कुल आता है, लिखो. दशरथ त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होता. पहिल्या आठवड्यात हेमलताने कार्ड पुढे केलं तेव्हा यूनुसभाईंनी आठ म्हटलं होतं, आणि वर म्हणाले होते की बेटी, आठ मैं तेरा लिहाज करके बोल रहा हूँ. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना गोल बसवून बोलायला लावलं, तेव्हा ते चारचौघांत रडले. बायकांसमोर. दशरथला तेव्हा त्यांची शिसारी आली होती. असं हातपाय गाळून बसणारी माणसं त्याने आयुष्यभर टाळली. पण हेही खरं होतं की आज यूनुसभाई सहा म्हणत होते आणि ते सहा खरे होते. आठाचे सहा झाले होते. दशरथचे दोनाचे दोनच राहिले होते. ज्याने कधी काही सांगितलंच नाही त्याचं कमी तरी काय होणार, हा हिशेब त्याला पहिल्यांदाच सुचला. कसला तरी राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

त्याने एक खूण केली. तिसऱ्या प्रश्नाला, ‘कधीकधी’वर. मग ती गिरवून खोडली आणि ‘कधीच नाही’वर केली. मग तीही खोडली. कागदावर आता एक निळा डाग पडला होता आणि त्याखाली पुढचा प्रश्न अर्धा दिसेनासा झाला होता. तेवढ्यात मीराबाई आली. ती खालच्या मजल्यावर औषधांच्या रांगेत होती. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम, पदराने वारा घेत ती शेजारी बसली आणि तिने त्याला पाण्याची बाटली दिली. फॉर्मकडे तिने पाहिलं की नाही हे त्याला कळलं नाही. बाहेर धुळीचं वादळ येण्याची चिन्हं होती. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून आभाळ पिवळं दिसत होतं आणि शिपाई खिडक्या लावत हिंडत होता. बेचाळीस वर्षं ही बाई त्याच्या शेजारी अशीच येऊन बसत आली होती. त्याला वाटलं, हिला बाहेर पाठवावं. मग वाटलं, हिला बाहेर पाठवलं तर आपण इथेही ‘कधीच नाही’च लिहिणार.

हेमलता आली, स्टुलावर बसली आणि तिने पॅड घेतलं. खाडाखोड झालेला, बाकी कोरा असलेला कागद तिने बराच वेळ पाहिला. ती रागावली नाही. म्हणाली की लिहायला जमत नसेल तर बोला, मी लिहिते. दशरथचं हिंदी चांगलं होतं. बावीस वर्षांत त्याने त्या भाषेत स्टेशनमास्तरांशी भांडणं केली होती, अपघाताचे रिपोर्ट लिहिले होते, मुलाच्या शाळेत प्रिन्सिपॉलला झापलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्या सगळ्या हिंदीतला एकही शब्द बाहेर येईना. हेमलता वाट पाहत होती, आणि तिच्या वाट पाहण्यात डॉक्टरचं हसू नव्हतं. तो तिच्याकडेच बघत होता, पण बोलला ते बुलडाण्याकडच्या त्याच्या खेड्यातलं, आईशी बोलायचा ते.

“मले भेव लागते,” तो म्हणाला.

हेमलताला कळलं नाही. तिने मीराबाईकडे पाहिलं. मीराबाईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली, आणि सांगितलं की हे म्हणतात, डर लगता है. कशाचं, असं हेमलताने विचारलं. आता एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना, तरी आवाज असा की स्वतःलाच ऐकू येऊ नये.

“न्हानीत जातो,” दशरथ म्हणाला. “आंग धूत नाही. नुसता बसून रायतो. वाटते आता नाही आला श्वास तं बरंच हाय.”

मीराबाईने ते सगळं तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत नीट सांगितलं, शेवटचं वाक्यही गाळलं नाही. हेमलता भराभर लिहीत होती. तिने विचारलं, कब से? दशरथ आठवू लागला, पण मीराबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “दिवाली के बाद से.” आत किती वेळ बसतात, असं विचारल्यावरही तिनेच सांगितलं. अर्धा तास, कधी पाऊण तास. मैं बाहर खड़ी रहती हूँ. हेमलताचं पेन थांबलं. तिने विचारलं की दार आतून बंद असतं का, कारण ते बंद असायला नको, काही झालं तर कुणाला आत जाता येणार नाही. मीराबाई म्हणाली की कडी लावतात, पण ती कडी मी स्क्रू काढून सैल करून ठेवली आहे. थोडा धक्का दिला की दार उघडतं. औषध सकाळी किती, रात्री किती हे सांगावं त्या आवाजात तिने हे सांगितलं.

हेमलताने ते लिहिलं, पान उलटलं, पुढच्या बारा आठवड्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि सोमवारी फेऱ्या निम्म्या करू म्हणून उठली. तिला दुसरीकडे कुणीतरी हाक मारत होतं. वाऱ्याने कुठलं तरी दार आपटलं. दिवाळीपासून सहा महिने. दशरथने मनातल्या मनात त्या सकाळी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तो आत स्टुलावर, नळ वाहतो आहे, आणि दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ही उभी. कणीक तशीच परातीत, गॅस बंद करून. तिला सगळं माहीत होतं याची त्याला लाज वाटली नाही, हे त्याला विचित्र वाटलं. लाजेच्या जागी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रागासारखंही होतं.

“मंग धक्का काहून नाही देल्ला?” त्याने विचारलं.

मीराबाईने बाटलीचं झाकण लावलं, ते घट्ट बसलं का ते पाहिलं, आणि बाटली पिशवीत ठेवली.

“तुमी आवाज देसान म्हून वाट पाहत होती,” ती म्हणाली.